आधी औषध शोधावे, मग पैसा

तपासणीच्या कागदावर ‘हिपॅटायटिस सी’ किंवा ‘हिपॅटायटिस बी’ असे शब्द दिसले की घरातील कर्ती माणसे दार लावून बसतात. औषध फार महाग असते, एवढे कुठेतरी कानावर आलेले असते. मग दागिने, मुदत ठेव, शेताचा तुकडा असा हिशेब सुरू होतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, दुकानात चार गिऱ्हाइके येतात, म्हणून बाहेर कोणाला विचारायचे नाही असेही ठरते. काही घरांत तर कावीळ उतरवणाऱ्यांकडे आधी फेऱ्या होतात. अशा वेळी पैसा जातोच, पण त्याहून मोलाचे महिने हातचे जातात. यकृत मुकाट्याने सोसत राहते, आणि ते तक्रार करू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

औषध महाग असते ही समजूत मात्र निराधार नव्हे. हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात. ती सहा महिने ते वर्षभर चालत, त्रास पुष्कळ होई आणि गुण येईलच असा भरवसा नसे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली आणि उपचाराचे रूप पालटले. परंतु तिची तेथील किंमत एका गोळीला १,००० डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांसाठी ८४,००० डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनी गिलियडने काही भारतीय कंपन्यांना उत्पादनाचा परवाना दिला. २०१५ मध्ये हेच औषध भारतात महिन्याला सुमारे वीस हजार रुपयांना मिळू लागले आणि स्पर्धेमुळे किंमत पुढे आणखी उतरली. लोकांच्या मनात मात्र जुनाच आकडा राहिला.

त्यानंतरचा बदल अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो पुष्कळ घरांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. पंजाब सरकारने २०१६ मध्ये हिपॅटायटिस सीचे औषध रुग्णांना मोफत देण्यास सुरुवात केली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात बी आणि सी या दोन्ही प्रकारांसाठी तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे त्यांची उपचार केंद्रे असतात, आणि गुंतागुंतीचे रुग्ण वरच्या केंद्राकडे पाठवले जातात. ही सोय केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी नाही. ‘आपण त्यात बसत नाही’ असे परस्पर ठरवून मध्यमवर्गीय घरे तिकडे फिरकतच नाहीत, हे दुर्दैव होय.

म्हणून पैशाची जुळवाजुळव करण्यापूर्वी एक दिवस काढून जिल्हा रुग्णालयात जावे. सोबत ओळखपत्र, आजवरचे सर्व रिपोर्ट आणि खासगी डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी. तेथे हिपॅटायटिसचे उपचार केंद्र कोठे आहे हे नेमक्या शब्दांत विचारावे. रक्तात प्रतिपिंड सापडले एवढ्यावर औषध सुरू होत नाही. विषाणू खरोखर शरीरात आहे काय आणि किती आहे, हे पाहणारी ‘व्हायरल लोड’ तपासणी करावी लागते. हीच तपासणी बाहेर महाग पडते. काहींच्या शरीरातून सीचा विषाणू आपोआप गेलेला असतो, तेव्हा या टप्प्यावरच त्यांची चिंता संपते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर सी आणि बी यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. सी हे मुदतीचे कर्ज आहे. यकृत घट्ट होऊन सिरॉसिस झालेला नसेल, तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या रोज एक वेळ, बारा आठवडे घ्याव्या लागतात. सिरॉसिस असेल तर औषधांची जोडी बदलते, कधी मुदतही वाढते. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि शंभरातील ९५ हून अधिक रुग्ण रोगमुक्त ठरतात. बी, ज्याला अनेक जण पांढरी कावीळ म्हणतात, हा मात्र दरमहाचा हप्ता आहे. त्यातील प्रत्येकाला औषध लागत नाही. पण ज्याला लागते त्याला टेनोफोविर किंवा एन्टेकाविर वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर घ्यावे लागते. पैसे नाहीत म्हणून मध्येच गोळी सोडली, तर रोग उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून बीच्या रुग्णाने एकदाच मोठी मदत मिळवण्यापेक्षा अखंड पुरवठ्याचा विचार करावा.

कोणी खासगी डॉक्टरांकडेच उपचार घेऊ इच्छित असेल, तर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. तेच औषध वेगवेगळ्या कंपन्या निरनिराळ्या किमतींना विकतात. दोन-तीन ठिकाणी दर विचारावा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी किंवा प्रत्यारोपणाची वेळ येणे, हा प्रसंग वेगळा आणि खरा खर्च तेथे असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतील ठरावीक उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तसेच एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत जमा करावी लागते. त्यासाठी दाखल होतानाच तेथील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि वैद्यकीय कागद जोडून अर्ज करता येतो. अशा बहुतेक ठिकाणी अर्ज आधी आणि खर्च नंतर, हा क्रम सांभाळावा लागतो. बिल चुकते केल्यावर पाठीमागून मदत मागणाऱ्यास सहसा रिकाम्या हाताने परतावे लागते.

आरोग्य विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी पॉलिसी नीट वाचावी. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात. घरी बसून घ्यायच्या गोळ्यांचा देत नाहीत. विशिष्ट आजारांसाठी असलेल्या आयकर वजावटीच्या यादीतही हिपॅटायटिस नाही. मात्र साठी पूर्ण केलेल्या आणि आरोग्य विमा नसलेल्या व्यक्तीच्या वैद्यकीय खर्चावर जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोखीने दिलेले नसावेत, एवढी अट पाळावी.

एवढे करूनही रक्कम कमी पडली तरच कर्जाकडे वळावे. मुदत ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज स्वस्त पडते. दागिने विकण्यापेक्षा बँकेत तारण ठेवलेले बरे. हातउसने घेतल्यास आकडा आणि मुदत लिहून ठेवावी.

समाजाच्या ट्रस्टकडे औषधासाठी हात पसरताना संकोच वाटतो. औषधदानाची परंपरा असलेल्या समाजात तो वाटू नये, पण वाटतो हे खरे. ट्रस्टच्या विश्वस्तांनीही मागणी आली की धनादेश फाडण्यापूर्वी रुग्ण शासकीय केंद्रात जाऊन आला काय, हे मायेने विचारावे. जेथे औषध मोफत मिळते तेथे ट्रस्टचा पैसा तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतच्या एसटी भाड्यास, बुडालेल्या रोजगारास आणि बाहेरच्या एखाद्या तपासणीस लावला, तर एका रुग्णाच्या रकमेत अनेकांचे उपचार पार पडतात. रुग्णाचे नाव कार्यवृत्तात किंवा फलकावर येणार नाही, ही हमी प्रथम द्यावी. ती मिळाली की विचारणारे आपोआप पुढे येतील.

हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात घेतल्याने होत नाही. तो रक्तातून पसरतो. बी संसर्ग आईकडून बाळाला आणि पती-पत्नींमध्येही होतो. बीला लस आहे आणि नवजात बाळाला ती पहिल्या २४ तासांत द्यायची असते. घरात एकाला बी असेल तर बाकीच्यांनी तपासणी करून घ्यावी. त्यासाठी घरात बोलावे लागते. दार उघडून ते बोलणे झाले, की पुढच्या साऱ्या वाटा त्या मानाने सोप्या आहेत.