ताडोबाच्या वाटेवर लागणारं चंद्रपूर गडचिरोलीला काय सांगतं?

ताडोबाचा वाघ बघायला मोहर्ली गेटकडे निघालेली गाडी चंद्रपूर शहरातून बाहेर पडली की आधी वाघ दिसत नाही, धुरांडी दिसतात. दुर्गापूर, ऊर्जानगर, महाऔष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर. त्यांच्यावर झुडपं उगवलेली असल्यामुळे नवख्या माणसाला त्या खऱ्या टेकड्याच वाटतात. तीसेक किलोमीटरवर मोहर्ली येतं. तिथे ज्या पाण्याच्या काठावर पर्यटक सेल्फी काढतात, ते इरई धरणाचं पाणी. हे धरण बांधलं गेलं ते वीज केंद्रासाठी.

म्हणजे एकाच पाण्यावर वीज केंद्र चालतं आणि वाघही तहान भागवतो. ऐकायला छान वाटतं, पण ऊर्जानगर-दुर्गापूरच्या लोकांना विचारलं तर ते २०२२ चा फेब्रुवारी सांगतील. वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एका सोळा वर्षांच्या मुलाला उचलून नेलं. कारखान्याच्या आवारात वाढलेलं झुडपी जंगल आणि खाणींच्या मातीचे ढिगारे ही वन्यप्राण्यांना लपायला सोयीची जागा झाली आहे. शहर जंगलात गेलं, आता जंगलही शहरात येतं.

आज हा विषय का? कारण शेजारच्या गडचिरोलीला 'स्टील हब' करण्याची घोषणा झाली आहे आणि काम जोरात सुरू आहे. जंगलाच्या कडेला औद्योगिक शहर उभं राहिलं की पुढे काय होतं, हे बघायला गडचिरोलीकरांना लांब जावं लागत नाही. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर आहेच. १९८२ पर्यंत तर दोघांचा जिल्हाही एकच होता.

आधी कोळसा, मग बाकी सगळं

चांदा हे मूळचं गोंड राजांचं तटबंदीचं शहर. त्याचं नशीब बदललं ते कोळशामुळे. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून रेल्वे आणली. पुढे बल्लारपूरला खाणी निघाल्या, तिथेच कागद कारखाना आला आणि त्याला बांबू लागायचा तो आजच्या गडचिरोलीच्या जंगलातून. राजुरा-कोरपना भागात चुनखडी होती, म्हणून सिमेंटचे कारखाने आले. भद्रावतीला आयुध निर्माणी आली. १९८० च्या दशकात वीज केंद्र सुरू झालं. जुने दोन संच बंद करूनही आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

एकेक कारखाना वेगळा बघितला तर प्रत्येकाची गरज पटते. राज्याला वीज हवी होती, सिमेंट हवं होतं, लोकांना नोकऱ्या हव्या होत्या. त्या मिळाल्याही. पण सगळ्यांची बेरीज कोणी केली नव्हती. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केली. हवा, पाणी आणि जमीन अशा तिन्हींचं प्रदूषण मोजणारा एक निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला मिळाले ८३.८८ आणि देशात चौथा नंबर. पुढे होते फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. २०१० च्या जानेवारीत केंद्राने अशा भागांत नवे प्रकल्प आणि विस्तार यांच्यावर तात्पुरती बंदी घातली.

जमिनीखालचा हिशेब तर अजून संपलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली.

वाघाने अडवलेल्या खाणी

चंद्रपुरात काही खाणी थांबल्यासुद्धा. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे २००९ मध्ये उपोषणाला बसले. शहरातले लोक सोबत आले आणि प्रस्ताव मागे पडला. २०२० मध्ये केंद्राने लिलावासाठी काढलेल्या कोळसा खाणींच्या यादीत बंदर हा पट्टा होता. राज्याने हरकत घेतली आणि तो यादीतून वगळला गेला.

दोन्ही वेळा मुद्दा एकच होता. ताडोबाच्या वाघांचा येण्याजाण्याचा मार्ग. ताडोबा म्हणजे १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, राज्यातलं सगळ्यात जुनं. देशभरात नाव, पर्यटनाचा पैसा, न्यायालयात वजन. वाघाचं नाव निघालं की दिल्लीतही फाइल थांबते.

गडचिरोलीचा सुमारे ७६ टक्के भाग जंगल आहे. तिथेही आता वाघ आहेत, पण सुरजागडच्या डोंगरावर ताडोबासारखा व्याघ्र प्रकल्प नाही. तिथे आहेत माडिया गोंडांची गावं. त्यांच्या हातातला कायदा वेगळा आहे.

सुरजागड ते कोनसरी

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये तिथे ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन बरंच उशिरा सुरू झालं आणि डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. २०१९ मध्ये काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि मग वेग आला. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. ती २ कोटी ६० लाख टनांपर्यंत नेण्याचं ठरलं आहे.

दरम्यान माओवादी चळवळ ओसरत गेली. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी कोनसरीच्या लोह प्रकल्पाचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि तारक्कासह काही माओवाद्यांनी आत्मसमर्पण केलं. ऑक्टोबरमध्ये भूपती म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव यानेही साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. ज्या गावांनी एसटी कधी बघितली नव्हती, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. आत्मसमर्पण केलेल्या काही जणांना कंपनीत नोकऱ्याही मिळाल्या आहेत. 'उद्योग नको' असं सरसकट म्हणणारा माणूस गडचिरोलीत शोधावा लागेल.

पण इथून पुढचा टप्पा समजून घ्यायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो एका ओळीत उरकला जातो. डोंगरात उत्तम खनिजासोबत कमी प्रतीचं खनिजही भरपूर आहे. ते थेट भट्टीत घालता येत नाही. ते दळायचं, धुवायचं, त्यातलं लोह वेगळं करायचं. हे लोहाचं पीठ पाण्यात कालवून ८५ किलोमीटरहून लांब पाइपलाइनने हेडरीहून कोनसरीला न्यायचं. रस्त्यावरचे ट्रक त्यामुळे कमी होतील, आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून दुचाकी चालवणाऱ्या कोणालाही ते हवंच आहे. मात्र लोह काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ कुठेतरी कायमचा साठवावा लागतो. या प्रक्रिया प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळवायला २०२५ मध्ये मंजुरीचं पाऊल पडलं. एक लाखाहून जास्त झाडं त्यात जातील.

असं खाण एकीकडे, कारखाना दुसरीकडे, अशी रचना जगात नवी नाही. चीनच्या इनर मंगोलियात गवताळ प्रदेशाच्या कडेला बाओतोऊ नावाचं शहर आहे. मूळ मंगोल नावाचा अर्थ हरणांची जागा. तिथून दीडशे किलोमीटर उत्तरेला, गवताळ भागात, बायान ओबोची लोह आणि रेअर अर्थची खाण. पोलाद कारखाना मात्र खाली पिवळ्या नदीजवळच्या शहरात, १९५४ पासून. शहर मोठं झालं, लाखो लोकांना काम मिळालं. शहराबाहेर गाळाचा सुमारे दहा चौरस किलोमीटरचा तलाव साचला आणि त्याच्या भोवतालच्या शेतकऱ्यांना गावं सोडावी लागली. बाओतोऊचा गाळ रेअर अर्थच्या प्रक्रियेमुळे जास्त विषारी आहे, लोहखनिजाचा गाळ तसा नसतो. तरी तो कुठे साठणार, पावसाळ्यात कुठल्या नाल्यात उतरणार आणि खाण संपल्यावर त्याची राखण कोण करणार, हे प्रश्न तेच राहतात. पावसाळ्यात गडचिरोलीत किती पाणी पडतं आणि भामरागड किती वेळा तुटतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

विचारायचं कोणाला?

एटापल्ली पाचव्या अनुसूचीतला तालुका. तिथे पेसा कायदा लागू आहे, शिवाय २००६ चा वनहक्क कायदा. वनहक्क मान्य झालेल्या जंगलाचा वापर बदलायचा तर ग्रामसभेचं म्हणणं महत्त्वाचं. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा निर्णय ग्रामसभांवर सोडला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. खाण झाली नाही.

सुरजागडला ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. खाणीजवळच्या गावांपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर. त्याच वर्षी केंद्राच्या नव्या वन संवर्धन नियमांनी ग्रामसभेच्या संमतीचा टप्पा मागे ढकलला. आता केंद्र तत्त्वतः मंजुरी आधी देतं आणि वनहक्क पाळले की नाही हे नंतर राज्याने बघायचं. म्हणजे गावाला विचारायची वेळ येते तेव्हा निर्णय जवळपास झालेला असतो. वाघाच्या बाबतीत फाइल आधी थांबते, ग्रामसभेच्या बाबतीत ती पुढे निघून गेलेली असते. मार्च २०२३ मध्ये तोडगट्टा इथे नव्या खाणींविरोधात सुरू झालेलं आंदोलन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोडून काढण्यात आलं.

गडचिरोलीतच याच्या उलट उदाहरणही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. आधी हाच बांबू कागद कारखान्याला जायचा आणि गावाला मिळायची ती तोडणीची मजुरी. जंगल तेच राहिलं, फक्त विकणारा बदलला.

खाणीच्या पैशातही गावाचा एक वाटा कायद्याने ठरलेला आहे. २०१५ आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे भरावी लागते. अनुसूचित क्षेत्रात ती कशावर खर्च करायची, याला ग्रामसभेची मंजुरी घेण्याची तरतूद आहे. खाण दरवर्षी कोटी टनांच्या हिशेबात चालणार असेल तर हा आकडा मोठा होतो. एटापल्लीच्या दवाखान्यात डॉक्टर आहे का, हेडरीच्या विहिरीचं पाणी कोण तपासतं, हे या पैशाच्या हिशेबात विचारता येतं. त्यासाठी खाणीच्या बाजूचं किंवा विरोधातलं असावं लागत नाही.

दरवर्षी जानेवारीत सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचे लोक ठाकूरदेवाच्या यात्रेला डोंगरावर जमतात. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आणि चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाकेंची आठवणही याच डोंगराशी जोडलेली आहे. यात्रेत पूजा झाली की लोक बसतात आणि खाणीवर बोलतात.