चघळणं हवं, हाडूक नको

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई आणि मोर्वा या गावांमधून जातो. खाडीच्या अंगाला मिठागरं आणि तिवरं, गावठाणात जुनी आगरी घरं आणि भाईंदरच्या बाजूला दरवर्षी वर चढणाऱ्या इमारती. कुत्री दोन्हीकडे आहेत. गावात ओट्याखाली झोपणारा गावठी, तर इमारतीत सातव्या मजल्यावर दिवसभर एकटा राहणारा लॅब्रेडॉर किंवा बीगल. दोघांच्या राहणीत फार अंतर आहे, पण दोघांच्या मालकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कुत्र्याला काहीतरी टणक चघळायला द्यावं, म्हणजे ते बराच वेळ गप्प बसतं आणि त्याचे दातही मजबूत होतात. गावातला माणूस त्यासाठी मटणाचं हाड टाकतो, इमारतीतला दुकानातून चामड्याचं हाडूक आणतो. वस्तू वेगळी असली तरी समजूत एकच आहे. तिचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. कुत्र्याला चघळायला दिलंच पाहिजे. घोडं पेंड खातं ते ‘टणक’ या शब्दाशी.

आधी हाडाचा दाखला घेऊ, कारण तो सर्वांत जुना आहे. ‘आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या हाडं खात आली, त्यांना कधी काही झालं नाही,’ असं म्हणणारे घरोघरी भेटतात. आगरी घरात हळदीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांची चंगळ असते, आणि ती चैन करताना दिसतात ती सगळी ठणठणीतच असतात. जे कुत्रं दोन दिवसांनी तिवरांच्या आडोशाला जाऊन पडलं, ते कुणाच्या हिशेबात येत नाही. गल्लीतून कुत्रं नाहीसं झालं तर ‘गाडीखाली आलं असेल’ म्हणून विषय संपतो. वाचलेल्यांची मोजणी करायची आणि मेलेल्यांकडे पाहायचंच नाही, याला अनुभव म्हणता येत नाही.

शिजलेलं हाड कच्च्या हाडापेक्षा वाईट, यात तर शंकाच नको. उष्णतेने हाडाची लवचीकता जाते आणि दाताखाली त्याचे टोकदार तुकडे होतात. कोंबडीचं पोकळ हाड सर्वांत आधी फुटतं. हे तुकडे अन्ननलिकेत रुततात, आतड्याला भोक पाडतात किंवा शौचाच्या जागी खडूसारखा घट्ट गोळा होऊन अडकतात. त्यात रश्श्यातलं हाड कांदा-लसणात मुरलेलं असतं, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. पाकीटबंद, भाजलेल्या किंवा धुरावलेल्या हाडांचीही तीच गत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा हाडांबद्दल ६८ तक्रारी आल्या. त्यात सुमारे ९० कुत्री आजारी पडली होती आणि १५ दगावली होती. या तक्रारी आपणहून केलेल्या होत्या. ज्यांनी कळवलंच नाही, ते या आकड्यात नाहीत.

‘मग लांडगे काय खातात?’ हा पुढचा सवाल. लांडगे हाडं खातात, आणि त्याची किंमतही मोजतात. ब्लेअर व्हॅन व्हाल्कनबर्ग या अमेरिकी अभ्यासिकेने मोठ्या शिकारी प्राण्यांच्या कवट्या तपासून १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. साधारण चारातल्या एका प्राण्याचा निदान एक दात मोडलेला होता. रानात पोट भरायला दुसरा मार्ग नसतो म्हणून तो धोका पत्करावा लागतो. ज्याला घरात वेळेवर दोनदा जेवण मिळतं, त्याला तो पत्करायला लावण्याचं काहीच कारण नाही.

टणकपणाचा खरा प्रताप पाहायचा असेल तर कुत्र्याचा वरचा ओठ गालाच्या बाजूने अलगद उचलून पाहावा. सुळ्यामागे सरकत गेलं की सर्वांत मोठा दात दिसतो, ती वरची चौथी उपदाढ. तीन मुळांचा हा दात खालच्या पहिल्या दाढेवर अडकित्त्यासारखा घासून जातो. मांस कापायला हा जबडा घडलेला आहे, दगड फोडायला नाही. माणसाच्या दातावरचं कवच अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, कुत्र्याचं मात्र जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. कुत्रं खूर, शिंग किंवा कडक नायलॉनचं हाडूक त्या दाताखाली धरून जोर लावतं तेव्हा दाताचा बाहेरचा पापुद्रा उभा तासून निघतो. आतला मगज उघडा पडतो आणि जंतू मुळापर्यंत पोहोचतात. कुत्रं ओरडत नाही, जेवण सोडत नाही, फक्त एका बाजूने चावू लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्याखाली गाल सुजतो आणि घरचे समजतात की गांधीलमाशी चावली. आठवडाभर मलम लावूनही सूज हटत नाही तेव्हा दवाखाना आठवतो. मग दात तरी काढावा लागतो, नाहीतर रूट कॅनल करावं लागतं, आणि दोन्ही भूल देऊनच. दात मजबूत करायला दिलेल्या वस्तूने दातच नेला, असा हा प्रकार आहे.

शिंगाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. परदेशी हरणांची शिंगं ‘नैसर्गिक चघळणं’ म्हणून विकली जातात. ते पाहून कुणी आपल्याकडचं शिंग शोधू लागेल, तर भाईंदरला खेटून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच चितळ-सांबर आहेत. त्यांच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते शिंग आपसूक गळून पडलेलं का असेना.

आता चामड्याचं हाडूक. चर्मोद्योगात कातड्याचे थर वेगळे करतात. बाहेरचा थर चपला-पट्ट्यांना जातो आणि आतल्या थराचं हे हाडूक वळलं जातं. केस काढायला चुना आणि सल्फाइड, पांढरं करायला पेरॉक्साइड, शिवाय बरेचदा वास आणि रंग. त्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा: चामडं चघळल्याने दातावरचं किटण कमी होतं. पशुदंतवैद्यांची ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ काउन्सिल’ ही संस्था १९९७ पासून पुरावा तपासून उत्पादनांना शिक्का देते, आणि तिच्या यादीत मऊ चामड्याची उत्पादनंही आली आहेत. पण तो शिक्का किटणाबद्दल आहे, घशाबद्दल नाही. गाठ मारलेलं साधं चामडं लाळेने फुगतं, बुळबुळीत होतं आणि हातभर पट्टी सुटून येते. हावरट कुत्रं ती न चावताच गिळतं. दातांवर किटण राहू नये म्हणून त्याहून सोपा आणि खात्रीचा उपाय आहे: कुत्र्यांसाठीची पेस्ट घेऊन रोज ब्रश करणं. माणसांची पेस्ट मात्र चालत नाही.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ या छापावर विसंबणारा वर्ग इमारतींमध्ये मोठा आहे. नैसर्गिक वस्तू जंतुमुक्त असते, असं कुणी ठरवलं? २०१९ साली अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमधून साल्मोनेला पसरला आणि ३४ राज्यांत १५४ माणसं आजारी पडली. त्यांतल्या अनेकांनी तो कान फक्त हाताळला होता किंवा तो खाणाऱ्या कुत्र्याजवळ त्यांचा वावर होता. ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथे हे विशेष ध्यानात घ्यावं. आपल्याकडे तर राखण करणाराच नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जी हमी गृहीत धरता येते, ती कुत्र्याच्या हाडकावर गृहीत धरता येत नाही.

याकच्या नावाने विकली जाणारी छुर्पी, म्हणजे नेपाळकडचं वाळवलेलं कडक चीज, त्यातल्या त्यात बरी. घटक मोजके असतात आणि तुकडा पोटात विरघळतो. तरी ती दगडासारखी असते आणि शंभर ग्रॅममध्ये तीनशेच्या वर कॅलरी असतात. दहा किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण सहाशे कॅलरींची. त्यातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊतून जाऊ नयेत, हा पशुआहारतज्ज्ञांचा दंडक. म्हणजे साठ कॅलरी. एक कांडी एका दुपारी संपवणारं कुत्रं वर्षभरात लठ्ठ होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बाजाराला कंटाळून काहीजण ‘घरचं तेच बरं’ म्हणतात. मे महिन्यात आंब्याची कोय कुत्र्यापुढे टाकतात, पावसाळ्यात मक्याचं रिकामं कणीस. दोन्ही वस्तू पोटात जिरत नाहीत. कोय चाटून गुळगुळीत झाली की घशातून सरकते, कधी कधी पोटात कित्येक दिवस पडून राहते आणि नंतर आतड्यात अडकते. तोवर घरचे आंबे विसरलेले असतात. हाड क्ष-किरणात लख्ख दिसतं तशी कोय दिसत नाही, बरेचदा सोनोग्राफी करावी लागते. नारळाची करवंटी आणि उसाचा चोथाही याच रांगेत बसवावा.

हे सगळं ऐकून दुसऱ्या टोकाला जाणारे म्हणतात, ‘मग काही देऊच नका, चघळणं ही खोडच मोडा.’ हेही चूक आहे, आणि कुत्र्याच्या दृष्टीने जास्त क्रूर आहे. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात चौथ्या ते सातव्या महिन्यात पडून बेचाळीस पक्के दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि त्याला काहीतरी चावावंच लागतं. मोठेपणीही चघळण्याने कुत्र्याचा जीव रमतो, एकटेपणा सुसह्य होतो. लोकलने चर्चगेटला गेलेली माणसं रात्री परतेपर्यंत बंद घरात बसलेल्या कुत्र्याकडून ही मुभाही काढून घेतली तर ते सोफा फाडेल किंवा स्वतःचे पाय चाटून जखमा करून घेईल. त्याला दोष देता येणार नाही.

टिकाऊपणा हवाच आहे. तो वस्तूच्या टणकपणातून न मिळवता देण्याच्या पद्धतीतून मिळवता येतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ज्यो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम गाडी दुरुस्त करत असताना फोक्सवॅगनच्या सस्पेन्शनमधला एक रबरी तुकडा फ्रिट्झच्या तोंडी लागला आणि त्याने दगड सोडले. त्यातूनच आत खाऊ भरण्याची पोकळ रबरी खेळणी निघाली. भरलेलं आणि गोठवलेलं असं खेळणं कुत्र्याला बराच वेळ गुंतवतं. वेळ जातो तो जिभेच्या कामात, दातावर भार पडत नाही. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. अंगठ्याचं नख दाबलं तर रबर दबलं पाहिजे. खेळणं आख्खं तोंडात मावता कामा नये. आणि त्याला दोन भोकं हवीत, कारण एकाच भोकाच्या खेळण्यात हवा कोंडून जीभ अडकल्याची उदाहरणं आहेत.

भरायला काय? इथे मुर्धेकरांना शेजाऱ्यांचा आधार आहे. पावसाळा सरला की उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत पडतात. हा बोंबील बहुधा मीठ न लावताच वाळवला जातो आणि त्याचा काटा मऊ असतो. बिनमिठाचा आहे याची विकणाऱ्या कोळणीकडून खात्री करून घ्यावी, वाळू जाईपर्यंत धुवावा, उकडून मधला काटा काढावा आणि भात, दुधी किंवा लाल भोपळा यांच्याबरोबर कालवून खेळण्यात भरावा. मीठ, कांदा, लसूण, मसाला काही नाही. खारवलेली मासळी मात्र कटाक्षाने टाळावी, तेवढं मीठ कुत्र्याला सोसत नाही. भरलेलं खेळणं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं की सकाळचं काम झालं. हा खाऊ वरचा नव्हे, सकाळच्या जेवणातलाच भाग खेळण्यात जातो, त्यामुळे कॅलरींचाही प्रश्न उरत नाही. शेंगदाण्याचं बटर भरणाऱ्यांनी डबीवर झायलिटॉल नाही ना, ते वाचावं. हा साखरेचा पर्याय कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात कोसळवतो आणि यकृतही निकामी करू शकतो.

याखेरीज उकडून ओव्हनमध्ये मंद आचेवर चिवट होईपर्यंत वाळवलेल्या रताळ्याच्या जाड कापा बऱ्या. उघड्यावर ठेवल्या तर खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना लगेच बुरशी धरते, म्हणून फ्रीजमध्येच ठेवाव्यात. दुकानातूनच काही आणायचं असेल तर नखाची कसोटी तिथेच लावावी आणि जे अंगठ्याने दबत नाही ते परत ठेवावं. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला कुत्र्याचं वजन आणि खाण्याची रीत विचारून माल द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. रबराखेरीज कुठलीही चघळायची वस्तू माणूस घरात असतानाच द्यावी आणि तुकडा घशात मावेल इतका लहान झाला की बदल्यात दुसरा खाऊ देऊन काढून घ्यावा. हिसकावलं तर कुत्रं घाईने गिळतं.

इतकं करूनही कधी काही अडकलंच, तर घरगुती उपायांचा मोह आवरावा. केळं किंवा भाताचा गोळा चारून हाड खाली ढकलता येत नाही. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं तर घातकच, त्याने अंगात मीठ वाढून कुत्रं झटक्यांनी दगावू शकतं. सतत लाळ गळणं, रिकाम्या ओकाऱ्या, पोट ताणल्यासारखं घट्ट होणं, पाणीही न टिकणं, दिवसभर शौच न होणं, यांतलं एक लक्षण दिसलं तरी जवळच्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावं. तिथे शस्त्रक्रियेची सोय नसेल तर परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याच्या आवारातलं, मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. आता महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालयही झालं आहे. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारावी. कुत्र्याने जे चघळलं त्याचा उरलेला तुकडा, निदान त्याचं पाकीट, बरोबर न्यावं. पोटातली वस्तू विरघळणारी आहे की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं आणि पोट उघडायचं की थांबायचं, हे ठरवायला त्याचीच मदत होते.