बंद पडलेली कंपनी आणि सुप्त दर्जा

भावी उद्योगासाठी किंवा एखादी मिळकत धारण करण्यासाठी स्थापन केलेली आणि पुढे निपचित पडलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी अनेक व्यापारी घराण्यांत आढळते. व्यवहारच नाही, तर विवरणपत्रे कशाची भरायची, असा समज असतो. कायदा तसे मानत नाही. ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र यांच्या विलंबाचे शुल्क प्रत्येकी दररोज १०० रुपये चढत जाते. सलग तीन वर्षे ती दाखल न झाल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि घरातील चालत्या कंपनीतील पदही गमावतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ४५५ येथे मार्ग देते. दोन आर्थिक वर्षांत महत्त्वाचा हिशेबी व्यवहार झाला नसेल, तर विशेष ठराव करून एमएससी-१ या अर्जाने निबंधकांकडे सुप्त दर्जा मागता येतो. करांची थकबाकी, कामगारांचे देणे वा मालकीचा वाद नसावा. कर्जही नसावे, आणि नेमके तेथेच अडते. वडिलांनी वा काकांनी कंपनीत घातलेली रक्कम ताळेबंदात विनातारण कर्ज म्हणून उभी असते. ती फेडावी, अथवा त्यांची संमती अर्जास जोडावी.

दर्जा मिळाल्यावरही किमान दोन संचालक, दर सहामाहीस एक सभा आणि सनदी लेखापालाने तपासलेले वार्षिक एमएससी-३ विवरणपत्र आवश्यकच असते. सलग पाच वर्षे सुप्त राहिलेल्या कंपनीचे नाव कमी करण्याची कार्यवाही निबंधक सुरू करतात. म्हणून उद्योग पुन्हा उभा करण्याचा खरा मानस असेल तरच हा मार्ग धरावा. नसेल तर कंपनी रीतसर बंद करणेच श्रेयस्कर.