शिकण्याच्या तासाची मजुरी

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या एका गाळ्यात गेल्या पावसाळ्यात बसलो असता तेथील कटिंग मास्टरने नव्या ताक्याचा एक तुकडा कापून त्यावर ५० सेंटिमीटरचा चौरस आखला आणि तो धुलाईला धाडला. दुसऱ्या दिवशी कुतूहलाने मी पुन्हा गेलो, तेव्हा परत आलेला चौरस लांबीत २ सेंटिमीटर उणा भरला होता आणि मास्टर त्या हिशेबाने कागदी पॅटर्न वाढवीत होता. शेजारी एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी चलने लिहीत होती. राज्यातील नव्या अभ्यासक्रमानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, कार्यप्रशिक्षण घ्यावे लागते. तिच्या वहीवर मालकाची सही व शिक्का उमटताच विद्यापीठाच्या दप्तरी ते रुजू होणार होते. मास्टरच्या विद्येची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात नव्हती.

विद्यापीठे आणि उद्योग यांच्यात हल्ली जे करारनामे होतात (आणि ज्यांची छायाचित्रे कलमांहून अधिक लक्षपूर्वक सिद्ध केलेली असतात) त्यांत विद्यार्थ्याने कारखान्यात कसे जावे याची तजवीज तपशीलवार असते. कारखान्यातल्या माणसापर्यंत विद्यापीठाने कसे पोहोचावे, याविषयी बहुधा मौन असते.

हे मौन मुंबई विद्यापीठाच्या परंपरेला शोभणारे नाही. १९३३ साली त्याने रसायन-तंत्रविद्येचा विभाग काढला, तेव्हा आरंभीच्याच विषयांत वस्त्ररसायन होते, कारण गिरण्यांची ती निकड होती. त्याच विभागाची पुढे माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था झाली. माटुंग्याहून येथले विठ्ठलवाडी स्थानक लोकलने दीड तासाच्या आत येते. तरीही, जीन्सच्या धुलाईने वालधुनी नदीचे पाणी निळेकाळे होऊन, प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन, धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली, तेव्हा रंगाच्या सांडपाण्याचा पहिला धडा येथील अनेकांना अध्यापकाने नव्हे, तर बंदीच्या नोटिशीने दिला, असेच म्हणावे लागते.

मोठ्या कारखान्यांचे निभते. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीपाशी तर स्वतंत्र प्रशिक्षण संस्थाच आहे. पाच नंबरच्या गाळ्यात दहा-बारा मशिने, एक ओव्हरलॉक, काज-बटनाचे काम बाहेर दिलेले, आणि मालक, हिशेबनीस व मनुष्यबळ विभाग असे तिघेही एकाच गल्ल्यावर एकाच देहाने बसलेले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची सक्ती ३० माणसांपासून पुढे, म्हणून तोही या उंबरठ्याबाहेरच थांबतो. वस्तुतः ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी ज्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिले, तेथील निर्वासित सिंधी कुटुंबांनी धंद्याची तालीम दुकानाच्या फळीवरच घेतली होती, आणि आपल्या मुलांना महाविद्यालयाची वाटही दाखविली होती. तेव्हा या गावाला काम आणि शिक्षण यांचे वैर ठाऊक नाही.

खरी अडचण मजुरीची आहे. कारागीर पीसवर राबतो. दोन तास वर्गात बसला तर तेवढे पीस बुडाले. मास्टरला मी विचारले, तेव्हा तो कात्री खाली न ठेवता म्हणाला, "पढेंगे साहब, पर उस टाइम का पीस कौन निकालेगा?" या प्रश्नाचे उत्तर ज्या करारनाम्यात नाही, तो विद्यापीठाच्या कपाटात सुखाने नांदो.

माझ्या मते असा करार एकेका मालकाशी न करता व्यापाऱ्यांच्या संघटनेशी करावा, आणि त्याच्या पहिल्याच कलमात शिकण्याच्या तासाची मजुरी लिहावी: सरासरी पीसच्या दराने, निम्मी संघटनेची, निम्मी विद्यापीठाच्या प्रशिक्षण-निधीतून. वर्ग कटिंगच्या टेबलावरच भरावा, तोही हिंदीत, कारण कारागिरांतले पुष्कळजण उत्तरेकडून आलेले आहेत. कापड का आटते हे प्राध्यापकाने सांगावे, किती आटेल हे मास्टरने दाखवावे, आणि त्या दाखविण्याचे मानधन व श्रेयांक दोन्ही मास्टरच्या नावे जमा व्हावेत. वेळापत्रक मात्र विद्यापीठाने आपल्या सत्रांवरून आखू नये. दिवाळीपूर्वीच्या दोन महिन्यांत गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि ईदला कारागीर गावी जातात. ते परतल्यावर, नव्या मालाची ऑर्डर निघण्याआधी, जे तीन-चार आठवडे मशिने अर्धी झाकलेली असतात, तेवढेच या वर्गासाठी मोकळे आहेत.