बुकिंगचे पैसे परत मिळतील का?

रायगडच्या किनाऱ्यावरच्या पर्यटनाने करोनाचे जाहीर आभार मानायला हवेत. ३ जून २०२० रोजी भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, तेव्हा तिथे पर्यटक औषधालासुद्धा नव्हता. १६ आणि १७ मे २०२१ ला तौक्ते कोकणाला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हाही आपण निर्बंधांमुळे घरीच होतो. दोन्ही वेळा पोलिसांचा दंडुका होता तो विषाणूसाठी, वादळासाठी नव्हे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण जो नवा किनारा उभा केला, वाड्यांमध्ये घुसवलेल्या एसी खोल्या, सुरूच्या बनात ठोकलेले तंबू, बनाना राइड, पॅरासेलिंग, त्या किनाऱ्याची गाठ भरल्या घरी वादळाशी अजून पडलेलीच नाही. ती पडेल तेव्हा काय होईल, याचा विचार करायला कुणाला फुरसत दिसत नाही. आपल्याला फुरसत फक्त फिरायला जायला आहे.

मी पनवेलचा. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आमच्या गावापासून सुरू होतो, त्यामुळे मुंबई-ठाण्याची हौस कोकणात उतरते ती आमच्या डोळ्यांदेखत. शुक्रवारी संध्याकाळी पळस्पे फाट्यावर उभं राहावं. काचेवर उन्हासाठी पडदे लावलेल्या गाड्या, मागच्या सीटवर फुगवायचे टायर, पुढे बसलेले साहेब फोनवर सुरमई थाळीचा भाव विचारताहेत.

जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात घोंघावत होतं. शाळा १५ तारखेला उघडायच्या होत्या आणि १०-११ जून हा त्याआधीचा शेवटचा शनिवार-रविवार. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचं नागावला बुकिंग होतं. गृहस्थ मला जिन्यात म्हणाले, "अहो, वादळ गुजरातला चाललंय, आम्ही अलिबागला. त्याचा रस्ता वेगळा, आमचा वेगळा." मग माझ्यासमोरच वाडीवाल्याला फोन. तो बिचारा पत्र्यांवर दगड आणि वाळूच्या गोणी चढवत होता; आवाजावरूनच धाप लागलेली कळत होती. यांचे प्रश्न असे : पाण्यात उतरू देतात का? वीज गेली तर जनरेटर आहे ना? आणि समजा नाही आलो, तर बुकिंगचे पैसे परत मिळतील का? "दादा, तुमचं घर नीट आहे ना," हे विचारायचं सुचलंच नाही. बुकिंगच्या दोन हजारांचा हिशोब चोख झाला.

वादळाचा रस्ता वेगळा होता हे खरं. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर गेलं. पण त्याच्या तीन दिवस आधी, १२ जूनला, जुहूच्या समुद्राने चार मुलं ओढून नेली. वादळ तेव्हा शेकडो किलोमीटर लांब होतं. लाटा वादळाच्या कितीतरी आधी येऊन पोचतात. वर आभाळ निवळ असलं, वारा गोड वाटत असला, तरी खालून पाणी ओढत असतं. हैदराबादचं इन्कॉइस नावाचं सरकारी केंद्र नेमक्या याच उंच लाटांचे इशारे देतं. कोळ्याला ते सांगावं लागत नाही, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की तो होडी वर ओढतो. आपण मात्र बावट्यासोबत सेल्फी काढतो.

अरबी समुद्रात वादळं साधारणपणे दोन हंगामांत होतात : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आता शाळांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. उन्हाळी सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळ. किनाऱ्यावर गर्दीचे जे दिवस, तेच वादळाचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. शिवाय ती तापलेल्या पाण्यावर झपाट्याने फोफावतात. निसर्गचंच बघा. १ जूनला ते कमी दाबाचं क्षेत्र होतं, २ जूनला दुपारी चक्रीवादळ झालं, आणि ३ जूनला दुपारी ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्याने किनारा झोडपत होतं. हाताशी एक दिवस.

त्या एका दिवसात प्रशासनाने हजारो गावकऱ्यांना शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवलं. वादळाच्या दिवशी वार बुधवार होता आणि टाळेबंदी होती. हाच दिवस दिवाळीनंतरचा शनिवार असता तर? अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, सगळीकडच्या खोल्या भरलेल्या. सगळ्या गाड्या एकाच वेळी उलट्या फिरणार, आणि फिरून येणार कुठून? ज्या महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे त्यावरून. माणगावच्या बाजारात साध्या रविवारी तासन् तास अडकतो आपण. वडखळ नाक्याचं तर विचारूच नका. त्याच रस्त्यावरून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं, रुग्णवाहिका आणि वीज मंडळाच्या गाड्या उलट दिशेने जायच्या आहेत. त्यांच्या वाटेत कोण उभं असेल? आपण, एसी लावून, हॉर्न वाजवत, प्रशासन झोपलंय म्हणून मुलाखत देत.

सुट्टी बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा श्रीवर्धनच्या माणसाशी बोलून पाहावं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावली की सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात, आणि वाडी म्हणजे आजोबाने लावलेली, बापाने शिंपलेली, जिच्या उत्पन्नावर नातू शिकला ती. निसर्गने त्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. नारळ मुळासकट गेले, पोफळी मधोमध मोडल्या, कौलं पत्त्यांसारखी उडाली, काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. सरकारने बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण कोकणात हेक्टरभर वाडी असते कुणाकडे? गुंठ्यांत वाटलेली जमीन, आणि एका सातबाऱ्यावर डझनभर नावं. मग वाडी गेलेल्या माणसाने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, अंगणात झोपाळा टांगला, बायकोने मोदक वळायला घेतले. तुमचे दोन हजार त्याच्याकडे अडकले आहेत, आणि तुम्ही त्याला रिव्ह्यूमध्ये एकच तारा देऊन बदला घेता.

सरकारचा गुन्हा लहान नाही. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्र पुढे येतोय, आणि आपण त्याच्या स्वागताला चार पावलं पुढे गेलो. वादळ आलं की तेच सरकार चौपाटीवर एक दोरी बांधतं, एक होमगार्ड उभा करतं, त्याच्या हातात शिट्टी देतं. भरल्या पोटी आणि भरल्या ग्लासाने आलेला जमाव त्या शिट्टीला किती जुमानतो, ते त्या पोरालाच विचारा.

दोरी चौपाटीवर बांधून उपयोग नाही, ती पळस्प्याला बांधा. आमच्याच तालुक्यात खारघरच्या पांडवकड्यावर माणसं बुडतात म्हणून पावसाळ्यात बंदी घालतात, पोलीस वाटेतूनच परत पाठवतात. एका धबधब्यासाठी जे जमतं ते किनाऱ्यासाठी का जमू नये? रायगडला नारंगी इशारा लागला की बाहेरच्या पर्यटकांच्या गाड्या पनवेलच्या पुढे सोडू नका. इशारा देऊन वादळ फिरलं तर फिरलं. लोक शिव्या देतील, देऊ देत. आणि बुकिंगचा नियम सरकारने एकदाच लिहून टाकावा : इशारा लागला की तारीख आपोआप पुढे जाईल, दंड नाही आणि परतावाही नाही. म्हणजे पैसे बुडतील या भीतीने कुणी निघणार नाही, आणि गिऱ्हाईक जाईल या भीतीने कुणी वाडीवाला "या हो, काही होत नाही," असं खोटं बोलणार नाही. तसं बोलणारेही आहेत, त्यांना मी या लेखातून सूट दिलेली नाही.

हा नियम होईल तेव्हा होईल. तोवर दिवाळीच्या सुट्टीत कोकणात निघणार असाल, तर आदल्या रात्री हवामान खात्याचं पत्रक वाचा. रायगडपुढे नारंगी किंवा लाल रंग दिसला, तर गाडी पार्किंगमध्येच राहू द्या आणि वाडीवाल्याला एक फोन करा. पैशांचं बोलू नका. पत्रे बांधून झाले का, एवढंच विचारा.