कांबळ्याने रात्र सरत नाही

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून कांबळेवाटपाचे बेत आखले जातात. वर्गणी जमते, ठोक भावाने कांबळी घेतली जातात, एका संध्याकाळी टेम्पो स्टेशनाबाहेरच्या पदपथाशी उभा राहतो आणि तासाभरात सारे उरकून मंडळी घरी परततात. देणाऱ्यांच्या मनाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्याला भिंत नाही आणि दार नाही, त्याच्या हाती कांबळे ठेवून आपण निवाऱ्याचे कर्तव्य केले असे जे आपण मानतो, ते आम्हांस मान्य नाही.

थंडी माणसाला कशी गाठते ते पाहावे. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की जीवाला धोका सुरू होतो. पदपथाची फरशी अंगातील ऊब खालून ओढून घेते. वरचे कांबळे दवाने भिजते. दारू प्यालेल्यास ऊब आल्यासारखे वाटते, पण त्याच वेळी त्याच्या अंगातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडत असते. सकाळ झाली की आणखी एक प्रश्न उभा राहतो. हातगाडी ओढणाऱ्याने किंवा लग्नाच्या मांडवात वाढप्याचे काम करणाऱ्याने दिवसभर ते कांबळे ठेवावे कोठे? ते चोरीला जाते किंवा विकले जाते आणि मग आपणच म्हणतो, ‘पाहा, विकून मोकळा झाला!’

हा प्रश्न दिल्लीच्या थंडीने एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर २००९ मध्ये ऐन हिवाळ्यात तेथील महापालिकेने पुसा रोडवरील एक तात्पुरता रात्रनिवारा पाडला. जानेवारी २०१० मध्ये, अन्नाच्या अधिकाराविषयी २००१ पासून चालू असलेल्या खटल्यात, न्यायालयाने निवारे उभारण्याचे आदेश दिले. शहराच्या दर १ लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने, हे प्रमाण त्यातूनच रूढ झाले आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते स्वीकारले. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांपैकी २ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात होते. त्या जनगणनेनुसार मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख. त्या हिशेबाने तेथे १२० हून अधिक निवारे हवेत. तितके नाहीत.

‘मग हे सरकारचेच काम नव्हे काय?’ असे कोणी विचारील. आहेच, आणि ते सरकारकडे मागितलेच पाहिजे. पण शाळा आणि दवाखानेही सरकारचेच काम होते. ते सरकार करील म्हणून आपले पूर्वज हात बांधून बसले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की ही माणसे बोलावली तरी येत नाहीत. का येत नाहीत? कागदपत्रे मागितली जातात, नवराबायकोची ताटातूट होते, सामान चोरीला जाईल ही भीती असते आणि निवारा कामाच्या नाक्यापासून दूर असतो. या सर्व अडचणींवर उपाय आहेत. खाली जाड सतरंज्या, स्त्रिया व मुले यांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली, स्वच्छ संडास, गरम पाणी, सामानासाठी कुलूप लागणारी पेटी, आणि कागद न मागता केवळ नाव विचारणारी नोंदवही. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो.

तिसरा आक्षेप क्वचितच उघड बोलला जातो: हॉल घाण होईल. रोमचे उदाहरण येथे आठवते. संत पेत्राच्या चौकाला लागून असलेला पलात्सो मिल्योरी हा वाडा रिकामा झाला, तेव्हा तेथे आलिशान हॉटेल करावे अशी सूचना होती. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये तो बेघरांच्या निवाऱ्यासाठी खुला केला. ज्या वाड्याचे भाडे भरपूर आले असते तेथे बेघर झोपू शकतात, तर लग्नाच्या तारखा सोडून रिकाम्या राहणाऱ्या आपल्या हॉलच्या फरशीची एवढी काळजी का?

मुंबई-वसईचे वाचक म्हणतील, आमच्याकडे थंडीच कोठे? खरे आहे. किनाऱ्यावरच्या बेघराचा वैरी पावसाळा आहे. तेथे निवारा जून ते सप्टेंबर उघडावा. पण नाशिक, निफाड, पुणे या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खरोखर बोचऱ्या असतात आणि तेथेही आपली मंदिरे व शाळा आहेत.

निवाऱ्यास सर्वांत दुर्मिळ लागते ते पैशाने मिळत नाही: रात्रभर जागे राहणारे माणूस. कोणाला ताप भरला, कोणाचे भांडण झाले, कोणी अपरात्री दार ठोठावले, तर उठणारे कोणीतरी हवे. साठ रात्री, दर रात्री दोघे, म्हणजे १२० पाळ्या. १२० कुटुंबांनी वर्षातून एकच रात्र दिली तरी एक हिवाळा निभावतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आपण जागतोच. आणखी एक रात्र फार नव्हे.

धर्मग्राम परिषदांकडे आमची मागणी साधी आहे. यंदा कांबळ्यांची वर्गणी फिरवण्याआधी सभेत एवढेच विचारा: रात्री हॉलची किल्ली कोणाजवळ असते आणि थंडीत ती कोणासाठी फिरू शकेल?