फुटलेले कागद, फिरवलेले आकडे

एप्रिल 2023 मध्ये युक्रेन युद्धाविषयीची अमेरिकेची गोपनीय कागदपत्रे फुटल्याचे उघड झाले. त्यातल्या एका तक्त्याच्या दोन प्रती फिरत होत्या. मूळ प्रतीत युक्रेनचे मृत सैनिक 16,000 ते 17,500 होते आणि रशियाचे 35,500 च्या पुढे. टेलिग्रामवर पसरलेल्या प्रतीत युक्रेनचा आकडा 61,000 ते 71,500 झाला आणि रशियाचा 16,000 ते 17,500 वर आला. केवळ अंकांची उलटापालट! बाकी कागद तोच, त्यावरच्या घड्याही त्याच. अख्खा बनावट दस्तऐवज लवकर उघडा पडतो; अस्सल कागदात मिसळलेले खोटे मात्र जाणत्यांनाही चकवते. शिवाय अस्सल आकडे तरी काय, गुप्तचरांचे अंदाजच. त्या अंदाजांवर गुप्तचरांचाच विश्वास कमी असल्याचे त्याच कागदपत्रांत नमूद होते. म्हणजे 'गोपनीय' हा शिक्का कागद जपून ठेवायचा एवढेच सांगतो, त्यातला मजकूर खरा असल्याची हमी देत नाही.

फसवणूक कागदांपुरती थांबत नाही; मे 2025 च्या भारत-पाकिस्तान संघर्षात तर व्हिडिओ गेममधली दृश्ये रणभूमीची म्हणून घरोघरी पोहोचली. वाचकांनो, मूळ प्रत सापडेपर्यंत असे कागद वा दृश्ये पुढे पाठवू नका. वृत्तवाहिन्यांनीही ती दाखवू नयेत.